जेराल्ड उठेपर्यंत

बेथनी आणि जोएल यांनी आपलं पहिलं घर पसंत केलं तेव्हा उन्हाळा होता. आता जानेवारी अर्धा सरला होता आणि दोघं अजून कीथलीला, जोएलच्या आईकडे, जोएलच्या लहानपणच्या खोलीतच राहत होती. खोलीत लहान मुलांचा दुमजली पलंग होता. वरच्या मजल्यावर बेथनी झोपायची, खालच्या मजल्यावर जोएल. जोएल सहा फूट उंच आणि पलंग दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा, त्यामुळे तो कपाटाचं दार उघडं ठेवून पाय आत शर्टांमध्ये सोडायचा. लग्न झालेली माणसं अशी राहतात तेव्हा त्याला संसार म्हणायचं की वसतिगृह, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सासू लोरेन वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती प्रेमळ होती, आणि प्रेमळ माणसाशी भांडायची सोय देवाने ठेवलेली नाही. ती बेथनीच्या चड्ड्यांना इस्त्री करायची आणि रंगावार लावून उशीवर ठेवायची. बेथनी हसून आभार मानायची आणि न्हाणीघरात जाऊन, टॉवेलात तोंड खुपसून ओरडायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

पसंत केलेलं घर सिल्सडेनला होतं. दगडी घरांच्या रांगेतलं शेवटचं, दोन खोल्या खाली, दोन वर, मागे भिंतीने वेढलेलं छोटं अंगण. बेथनीचं सगळं लहानपण भाड्याच्या घरांत गेलेलं. भिंतीला खिळा मारायचा नाही, दाराला रंग लावायचा नाही, आणि जीव रमायला लागला की सामान बांधायचं. त्या दिवशी सिल्सडेनच्या अंगणात उभं राहिल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की, इथे मी वाट्टेल तिथे खिळे मारीन. तिला ते घर इतकं हवं होतं की रात्री पडल्या पडल्या ती कुठे किती खिळे मारायचे ते मोजायची.

पण त्या देशात घर म्हणजे एकटं घर नसतं, त्यामागे साखळी असते. सिल्सडेनच्या मालकीणबाई ग्लेनिस पिकर्सगिल. गुडघ्यांमुळे त्यांना जिना नको झाला होता, म्हणून त्या गारग्रेव्हला डंकन आणि कॅरल हेग यांचं बैठं घर घेत होत्या. हेग नवराबायको ग्रासिंग्टनला विल्फ्रेड ओलरेनशॉ नावाच्या म्हाताऱ्याचं मोठं घर घेत होते, आणि म्हातारा वृद्धांच्या इमारतीत जाणार होता. सगळ्यांनी एकाच दिवशी किल्ल्या द्यायच्या. वरच्याने नाही दिली तर खालच्या कुणालाच नाही. बेथनी आणि जोएल या साखळीच्या अगदी तळाशी लोंबकळत होते.

आणि साखळीतल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हा तिथला शिरस्ता. बोलायचं ते एजंटने वकिलाशी, वकिलाने दुसऱ्या वकिलाशी, आणि ते सगळं गाळून-चाळून खाली येतं तेव्हा त्यात चोथाच उरलेला असतो. ऑक्टोबरपासून बेथनी एजंटला फोन करायची आणि एकच उत्तर मिळायचं.

“वरती थोडी अडचण आहे. एक गृहस्थ घर सोडायला संमती देत नाहीत. जेराल्ड म्हणून.”

“कोण जेराल्ड?”

“तेवढी माहिती आमच्यापर्यंत आलेली नाही.”

जोएलने जेराल्डला आधी भाडेकरू ठरवलं, मग वाया गेलेला मुलगा ठरवलं, आणि ख्रिसमसपर्यंत तर बंदूक घेऊन माळ्यावर बसलेला माणूस ठरवलं. पलंगाच्या वरच्या मजल्याच्या तळाला डोकं आपटलं की तो “जेराल्ड” असं म्हणायचा. पूर्वी त्या जागी तो दुसरे शब्द वापरायचा.

मग बिंगलीची नवी इमारत निघाली. कालव्याच्या काठी, पांढरीशुभ्र, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, पुढेमागे साखळी नाही, महिन्याभरात किल्ली. तिथला विक्रेता काइल म्हणून होता. तो बोलताना सारखा टाळ्या वाजवायचा. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, प्राणी पाळायचा नाही, भिंतीला भोक पाडायला कंपनीची परवानगी लागेल, एवढं त्याने घाईघाईने सांगून टाकलं आणि फ्लॅट सोमवारी दुपारपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो म्हणाला.

शनिवारी पलंगावर वरखाली पडून दोघांची चर्चा झाली.

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात काय अर्थ आहे?” खालून जोएल म्हणाला.

“यात हातचं कुठलं आणि पळतं कुठलं?”

“बिंगली हातचं.”

“आणि सिल्सडेन पळतं?”

“पळतं असतं तरी चाललं असतं ग. ते बसलंय. हलतच नाही.”

“आपण सुटलो तर पिकर्सगिलबाई अडकतील. त्यांच्यामुळे ते हेग अडकतील. त्यांच्यामुळे तो म्हातारा.”

“म्हाताऱ्याकडे जेराल्ड आहे. मला कोण आहे? मला कपाट आहे.”

बेथनीने वरून वाकून कपाटात सोडलेल्या त्याच्या पायांकडे पाहिलं. भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं, यालाही काही सुमार असतो. शेवटी ठरलं की सोमवारी बिंगलीला हो म्हणायचं. फक्त पिकर्सगिलबाईंना हे एजंटकडून कळू द्यायचं नाही. बेथनी म्हणाली, त्या बाईंनी मला त्यांच्या अंगणात चहा दिलाय, मी तोंडानेच सांगणार. एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून झोपली, म्हणजे रडली.

रविवारी लोरेनच्या हातचं भाजलेलं बीफ खाऊन दोघं निघाली. वाटेत दुकानातून एक केक घेतला. वाईट बातमी रिकाम्या हाताने द्यायची नाही, एवढं वळण बेथनीला होतं.

ग्लेनिसबाईंनी दार उघडलं, चहा ठेवला, आणि मग अर्धा तास हवेवर बोलणं झालं. गारठा आहे. हो, पण कोरडा आहे. कोरडा आहे, पण वारा आहे. बेथनी तीनदा “खरं म्हणजे आम्ही आज” इथपर्यंत आली आणि तीनदा केकचा तुकडा तोंडात घालून परत फिरली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर या लोकांनीच. जोएल टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावत होता. अखेर तो चुकून ग्लेनिसबाईंच्या गुडघ्याला लागला.

“आई ग,” त्या म्हणाल्या. “तो वाईट आहे. चांगला इकडचा.”

शरमेने लाल झालेल्या जोएलला विषय बदलायची इतकी घाई झाली की तो म्हणाला, “तो जेराल्ड कसा आहे?”

ग्लेनिसबाईंनी मान हलवली. “पडूनच आहे म्हणतात बिचारा. डोळे उघडत नाही. मी चर्चमध्ये त्याचं नाव प्रार्थनेत घातलंय, ऑक्टोबरपासून दर रविवारी.”

“पण तो आहे कोण?” बेथनीने विचारलं.

“असं कसं विचारायचं, पोरी? आजारी माणसाबद्दल?”

“म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही?”

“हेग मंडळींना असेल. पण त्यांच्याशी आपण बोलायचं नसतं ना.”

बेथनीच्या मनात काय आलं कोण जाणे. ज्यासाठी आली होती ते सांगायचं राहिलं बाजूला आणि ती उठून उभी राहिली. “आपण बोलू या. आत्ता. घोडं कुठं पेंड खातंय ते एकदा डोळ्यांनी बघू या.”

ग्लेनिसबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. “मला पुढच्या सीटवर बसावं लागेल,” त्या म्हणाल्या. “पाय पसरायला.”

त्यामुळे सहा फुटी जोएल मागे दुमडून बसला आणि बेथनीने गाडी काढली. स्किप्टन मागे पडल्यावर तिला राहवेना.

“मिसेस पिकर्सगिल, मी आज तुम्हाला वेगळंच सांगायला आले होते. आम्हाला दुसरं घर मिळतंय. उद्या दुपारी हो म्हणायचंय.”

“ते मला तुझा केक बघूनच कळलं. मागच्या वेळी तू घरी केलेला आणला होतास.”

“तुम्ही रागावला नाहीत?”

“रागावले तर आहेच. पण चाललोय ना आपण? रस्त्याकडे बघ.”

गारग्रेव्हला हेगांच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. नोव्हेंबरात त्यांनी सगळं सामान खोक्यांत भरलं होतं आणि ते पुन्हा काढायचं म्हणजे हार मानल्यासारखं होईल म्हणून तेव्हापासून तसेच राहत होते. कागदी ताटल्यांत जेवायचे. चमचा एकच बाहेर राहिला होता, तो दोघं आळीपाळीने वापरायचे. दोन टेरियर कुत्री खोक्यांवर चढून भुंकत होती. खालची साखळी अशी दारात पाहून डंकनचा चेहरा पडला. आपला वकील ओरडेल, असं तो दोनदा म्हणाला.

“जेराल्ड कोण?” बेथनीने सरळच विचारलं. एकदा भीड चेपली की चेपते.

“भाऊ असावा त्यांचा,” डंकन म्हणाला.

“भाऊ नाही,” कॅरल म्हणाली. आवाज खाली आणून ती पुढे म्हणाली, “मला वाटतं, मित्र आहे. तसा मित्र. पुष्कळ वर्षांचा. म्हणून तर आम्ही खोलात गेलो नाही. लवकर बरे व्हा म्हणून कार्ड पाठवलं आणि मी विणलेले लोकरी मोजे. घाई करू नका असंही लिहिलं.”

“घाई करू नका असं तू लिहिलंस?” डंकनने विचारलं. हे त्याला नवीन होतं.

“काय लिहायला हवं होतं? लवकर मरा?”

डंकनने त्या एकुलत्या चमच्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. ती कुठल्या तरी खोक्यात होती. ती सापडेपर्यंत सगळ्यांनी उभ्यानेच चहा घेतला आणि साखर पेन्सिलीने ढवळली.

ग्रासिंग्टनला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. विल्फ्रेड ओलरेनशॉ यांनी स्वतःच दार उघडलं. उंच, वाकलेले, कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर घातलेले. दारात उभ्या पाच माणसांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. कॅरलने ओळख करून दिली. या आमचं घर घेणार, ही दोघं यांचं घर घेणार.

“सगळी साखळीच आली म्हणायची,” म्हातारा म्हणाला. “या. पाय पुसा.”

स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती बसले. म्हाताऱ्याने केटली ठेवली आणि पुन्हा हवेवर बोलणं सुरू झालं. इथे वारा जास्त आहे यावर सर्वांचं एकमत झालं. बेथनीने ठरवलं की आता आपण विचारणार, पण आधी चहात दूध तरी घालावं. कोपऱ्यात फ्रिज होता. तिने उठून दार उघडलं.

आत दूध नव्हतं. काहीच नव्हतं. मधल्या फळीवर भोकं पाडलेलं एक खोकं होतं, त्यात कागदाच्या कातरणांचा ढीग, आणि त्या ढिगात एक मोठं, जुनं, तपकिरी कासव डोळे मिटून बसलेलं होतं.

“दार लाव लवकर,” विल्फ्रेड म्हणाले. “जेराल्डला उजेड चालत नाही. दूध खिडकीबाहेर आहे.”

बेथनीने दार लावलं. मग पुन्हा उघडून खात्री केली आणि पुन्हा लावलं.

“हा जेराल्ड?” शेवटी ग्लेनिसबाईंनी विचारलं. बाईंचा आवाज चमत्कारिक झाला होता, कारण तीन महिने त्यांनी चर्चमधल्या सगळ्या मंडळींना या कासवासाठी डोळे मिटायला लावलं होतं.

“हिवाळाभर झोपतो. पूर्वी शेडमध्ये ठेवायचो, पण तिथे उंदीर त्रास द्यायचे. आता प्राण्यांचे डॉक्टरच फ्रिज सांगतात.”

“आणि वकिलाच्या ऑफिसला तुम्ही काय सांगितलंत?” डंकनने विचारलं.

“खरं तेच. त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्याशिवाय घरात सतरा वर्षांवरचं कुणी राहतं का? म्हटलं, जेराल्ड राहतो, एकसष्ट वर्षांचा. म्हणाल्या, मग घर सोडायला त्यांची संमती लागेल. म्हटलं, तो झोपलाय. म्हणाल्या, उठले की विचारा. म्हटलं, मार्चमध्ये उठेल. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ऐकून फार वाईट वाटलं.”

जोएल इतका हसला की त्याला उठून बाहेर जावं लागलं. कॅरलने म्हाताऱ्याच्या पायांकडे पाहिलं. “ते मोजे माझे आहेत.”

“चार लागले असते. दोनच होते, मग मीच घातले. उबदार आहेत.”

डंकन मात्र हसला नाही. “त्या बाईंचा गैरसमज झाला हे तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं होतं.”

“आणि तुम्ही तो दूर केला नाहीत. आम्ही तिकडे एका चमच्यावर जगतोय.”

विल्फ्रेड यांनी कपात बराच वेळ साखर ढवळली. “मी खोटं बोललो नाही. गप्प बसलो,” ते म्हणाले. “त्या इमारतीत प्राणी चालत नाही. मासासुद्धा नाही. मुलगी लीड्सला असते, ती याला घाबरते. आयरीनने याला बाजारातून आणला, आमचं लग्न झालं त्या वर्षी. ती गेली, हा आहे. दर आठवड्याला कुणी ना कुणी फोन करून विचारतं, जेराल्ड कधी जाणार. माझा वकील, तुमचा वकील, एजंट. जेराल्ड कोण, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि म्हटलं असतं, याला कोण घेईल ते बघा. पण आपणहून मदत मागणं मला जमत नाही. कधीच जमलं नाही.”

डंकनने कप खाली ठेवला. त्याने घसा साफ केला. “आम्ही ठेवला असता. घर तर आम्हीच घेतोय. पण आमची कुत्री याला दिवसभर टेनिस बॉल समजतील.”

“मला वाकता येत नाही,” ग्लेनिसबाई म्हणाल्या. “खाली ठेवलेलं माझ्याकडून वर उचललं जात नाही.”

त्यानंतर सगळे चहा पिऊ लागले. बेथनीला कुणी काही विचारलं नाही, कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. कॅरलने खिडकीबाहेर पाहिलं, डंकनने घड्याळाकडे, आणि विल्फ्रेड यांनी आपल्या पायांतल्या मोज्यांकडे. इतक्या माणसांनी मिळून इतकं न पाहणं बेथनीने जन्मात अनुभवलं नव्हतं. बाहेरून जोएल आत आला, त्याने ती शांतता ऐकली आणि दारातच थबकला.

बेथनीला बिंगलीचा पांढरा फ्लॅट आठवला. तिथे प्राणी चालत नाही. तिथे जायचं ठरलं तर हा म्हातारा उद्याही गप्पच बसेल, परवाही बसेल, आणि त्याचं तिला कुणी काही बोलणार नाही. तिला त्याचा राग आला, जेराल्डचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा, कारण तिच्या तोंडून प्रश्न निघूनही गेला होता.

“याला ऊन किती लागतं?”

“भरपूर,” विल्फ्रेड म्हणाले. “दगडी भिंत असली तर उत्तम. भिंत तापते, तिला चिकटून बसतो.”

“मग प्रश्नच नाही,” ग्लेनिसबाई म्हणाल्या. “हिच्या अंगणात दगडी भिंत आहे. उन्हाळ्यात चारपर्यंत ऊन असतं.”

हिच्या अंगणात. ग्लेनिसबाईंनी ते सहज म्हटलं होतं आणि त्या पुढे ऊन कुठून येतं ते सांगायलाही लागल्या होत्या, पण बेथनीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. इतक्या महिन्यांत एजंट, वकील, बँक सगळे बोलले, पण त्या अंगणाला तिचं असं कुणी म्हटलं नव्हतं. तिला रडू फुटलं. कासवावरून रडतेय असं समजून कॅरलने तिला कागदी रुमाल दिला.

“किती वर्षं जगतं हे?” जोएलने दारातून विचारलं.

“सांभाळलं तर अजून साठ-सत्तर.”

जोएलने हिशेब केला. कर्ज पस्तीस वर्षांचं होतं, त्यालाच तो घाबरत होता. त्याने बेथनीकडे पाहिलं. ती नाक पुसत होती, आणि मुद्दाम त्याच्याकडे पाहत नव्हती, कारण आज सगळ्यांनी तोच वसा घेतला होता.

“चावतं का?”

“स्ट्रॉबेरीला फक्त.”

जोएलने खिशातून फोन काढला आणि काइलला निरोप लिहिला. फ्लॅट छान आहे, पण आमच्यात एक जण वाढलाय आणि त्याला चौथा मजला झेपणार नाही. पाठवून झाल्यावर त्याने तो निरोप सगळ्यांना वाचून दाखवला. डंकन पहिल्यांदा हसला.

“उद्या सकाळी त्या बाईंना मी फोन करतो,” विल्फ्रेड म्हणाले. “सांगतो, जेराल्डची हरकत नाही.”

“कासव आहे हेही सांगा,” डंकन म्हणाला.

“विचारलं तर सांगीन.”

“विल्फ्रेड,” कॅरल म्हणाली.

“बरं. सांगतो.”

मग ते उठले, फ्रिजचं दार बोटभर उघडून आत पाहिलं आणि हलकेच लावलं. दाराच्या कडीवर हात तसाच ठेवून ते बेथनीशी बोलायला लागले. “मार्चमध्ये उठेल. पहिल्या दिवशी कोमट पाण्यात बसव, मग तो पाणी पितो. दोन दिवस चिडलेला असतो, मनावर घेऊ नकोस. उठल्यावर त्याला माझा आवाज ऐकायची सवय आहे. थोडे दिवस शोधेल. फारच शोधायला लागला तर मला फोन लाव, फोन त्याच्या कानाशी धर. मी बोलेन त्याच्याशी.”

“फोन कशाला?” बेथनी म्हणाली. “रविवारी जेवायलाच या. आमच्याकडे चारपर्यंत ऊन असतं.”